रेंज मोजायला निघालेली मोटार

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलातून एका दूरसंचार कंपनीकडे तीन महिने एकच तक्रार जात होती : फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरीही समोरच्याचा आवाज तुटतो आणि कॉल मध्येच बंद पडतो. या तक्रारीसह ठाणे आणि नवी मुंबईतील आणखी काही ठिकाणांची मोजणी करण्याचे काम डिसेंबरात आमच्याकडे आले. गटात आम्ही तिघेच होतो. मी, नुकतीच पदविका घेऊन आलेली एक प्रशिक्षणार्थी मुलगी आणि आमचे चालक, ज्यांना आम्ही दोघी दादा म्हणतो. ड्राइव्ह टेस्ट या नावाने ओळखले जाणारे हे काम बाहेरून पाहणाऱ्याला निरर्थक भटकंतीसारखे वाटते, कारण मोटार कोठेही पोहोचण्यासाठी निघालेली नसते आणि एकाच रस्त्यावरून दोन-तीनदा जाते.

पहिला दिवस : कापूरबावडी ते गायमुख

सकाळी साडेसातला तीन हात नाक्याजवळ मोटार उभी करून आम्ही सामान मांडले. छतावर चुंबकाने चिकटणारे दोन अँटेना, एक जीपीएससाठी आणि एक स्कॅनरसाठी, मागच्या आसनावर चौकटीत बसवलेले तीन फोन, मांडीवर लॅपटॉप, आणि या सगळ्यांना वीज पुरवणारा, मोटारीच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर. तिन्ही फोनांना वेगवेगळी कामे वाटून दिलेली असतात. पहिला फोन दीड मिनिटाचा कॉल लावतो, तोडतो, थोडे थांबतो आणि पुन्हा लावतो. कॉल लागतो की नाही आणि लागायला किती वेळ जातो, हे त्यातून कळते. दुसरा फोन एकच कॉल शक्य तितका लांबवतो, कारण एका सेलकडून, म्हणजे टॉवरवरील एका अँटेनाने सांभाळलेल्या हद्दीतून, दुसऱ्या सेलकडे जाताना, म्हणजे हँडओव्हरच्या वेळी, काय बिघडते ते लांब कॉलमध्येच दिसते. तिसरा फोन सतत फाइल उतरवत आणि चढवत राहतो. स्कॅनर मात्र कोणाचाच ग्राहक नसतो. त्याच्यात सिम नसते, आणि म्हणूनच कोणत्याही एका सेलच्या आज्ञेत न राहता हवेत जे जे आहे ते सगळे तो निमूटपणे नोंदवतो.

कापूरबावडीहून निघाल्यावर प्रशिक्षणार्थी मुलीला मी पडद्यावरचे आकडे समजावून देऊ लागले. फोरजीमध्ये सेलच्या संदर्भ संकेताची, म्हणजे सेल ओळखता आणि मोजता यावा म्हणून तो सोडत असलेल्या ठरावीक संकेताची, शक्ती आरएसआरपी या आकड्याने सांगतात आणि ती डीबीएममध्ये, म्हणजे एका मिलिवॅटशी तुलना करणाऱ्या एककात, मोजतात. उणे ७० आणि उणे १०० यांच्यात तीसचाच फरक दिसतो, पण दर दहाला शक्ती दहापट घटत असल्याने तो फरक प्रत्यक्षात हजारपटीचा असतो. उणे १०० डीबीएम म्हणजे एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग, आणि एवढ्याशा शक्तीवरही फोन नीट बोलू शकतो, ही गोष्ट इतकी वर्षे हे काम करूनही मला अजून सवयीची झालेली नाही. शिवाय हा आकडा १५ किलोहर्ट्झच्या एकेका उपवाहकाचा, म्हणजे सेलच्या लहरपट्ट्यातील एका बारीक फाळीचा, असतो. २० मेगाहर्ट्झच्या सेलमध्ये असे १२०० उपवाहक असतात, त्यामुळे सेल पूर्ण भारात असताना फोनपर्यंत पोहोचणारी एकूण शक्ती त्याहून सुमारे ३१ डेसिबलने जास्त असते. नवशिक्या माणसाचा पहिला घोटाळा बहुधा येथेच होतो.

दादा हे सगळे ऐकत होते. पुढे एका सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारले, “मॅडम, माझ्या फोनला तर फुल रेंज आहे. मग आपण शोधतोय काय?”

मी म्हटले, “दादा, आवाज मोठा येणं वेगळं आणि बोलणं कळणं वेगळं. लग्नाच्या हॉलमध्ये बँड वाजत असताना शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी कळतं का?”

“म्हणजे आपण बँडवाले मोजतोय,” ते म्हणाले आणि त्यांनी गिअर टाकला. सिनर या आकड्याची, म्हणजे उपयोगी संकेत हा गोंगाट आणि इतर सेलच्या व्यत्ययापेक्षा किती वरचढ आहे या मापाची, इतकी नेमकी ओळख मला वर्गात कधी करून देता आली नसती. फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या मुख्यतः शक्तीच दाखवतात, आणि किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोननिर्माता आपल्या मर्जीने ठरवतो, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन फोनांवर वेगवेगळ्या काड्या दिसल्या तर त्यात नवल नाही.

वेग आम्ही ताशी ३० किलोमीटरच्या आसपास ठेवला होता, आणि त्यामुळे मागच्या वाहनांचे हॉर्न दिवसभर ऐकावे लागले. हळू जाण्याला कारण असते. इमारतींवरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि दर अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर संकेत खोल खड्ड्यात पडू शकतो. १८०० मेगाहर्ट्झला हे अंतर जेमतेम ८ सेंटिमीटर असते. म्हणून एकच नोंद घेऊन चालत नाही. दूरसंचार अभियंते विल्यम ली यांनी १९८५ साली दाखवून दिले की, सुमारे ४० तरंगलांबींच्या अंतरात पन्नासच्या आसपास नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढली, तर त्या जागेची खरी शक्ती हाती लागते. १८०० मेगाहर्ट्झला हे अंतर पावणेसात मीटरांपेक्षा किंचित कमी भरते आणि आमची मोटार ते एका सेकंदाच्या आत ओलांडते. मोटारीत उपकरणे ठेवून शहर मोजण्याची ही रीत त्याहूनही जुनी आहे. जपानी अभियंते योशिहिसा ओकुमुरा यांनी टोकियो परिसरात अशीच मोजणी करून काढलेले आलेख १९६८ साली प्रसिद्ध झाले, १९८० साली मासाहारू हाता यांनी त्या आलेखांना सूत्रांचे रूप दिले, आणि टॉवर कोठे उभारावा याचा प्राथमिक अंदाज घेताना आजही त्या सूत्रांचा आधार घेतला जातो. घोडबंदर रस्त्यावर मात्र टोकियोचे सूत्र किती टिकेल याबद्दल मला शंका आहे, कारण एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारतींची रांग असा हा चिंचोळा पट्टा आहे.

उड्डाणपुलांच्या आणि मेट्रोच्या खांबांवरील बांधकामाच्या खालून जाताना जीपीएस भरकटे आणि नकाशावर आमची मोटार इमारतींच्या आतून धावताना दिसे. असे ठिपके संध्याकाळी हाताने गाळावे लागतात. तेवढे सोडले तर गायमुखपर्यंतचा रस्ता नकाशावर जवळजवळ सगळा हिरवा उमटला. तक्रार आलेल्या संकुलाच्या फाटकासमोर आम्ही दोन फेऱ्या मारल्या, तेथे आरएसआरपी उणे ७४ आणि सिनर १८ होता, म्हणजे दोन्ही आकडे उत्तमच होते आणि तक्रारीला रस्त्यावर काहीही आधार मिळत नव्हता. आत जाण्यासाठी सोसायटीच्या समितीची परवानगी लागणार होती आणि ती चौथ्या दिवसाची मिळाली होती.

दुसरा दिवस : ट्रान्स हार्बर लोकल

दुसऱ्या दिवशी मोटार दादांबरोबर घणसोलीला पाठवून आम्ही दोघी ठाणे स्थानकावरून वाशीच्या लोकलमध्ये चढलो. फोनांची चौकट पाठीवरच्या पिशवीत होती आणि जीपीएसचा अँटेना खिडकीच्या गजाला बांधला होता. महिलांच्या डब्यात यावर बरीच चर्चा झाली. दिघा गावला चढलेल्या एका बाईंनी हे हवामान खात्याचे यंत्र असल्याचे शेजारणीला ठामपणे सांगितले आणि आम्ही ते खोडून काढले नाही.

लोकलमधील मोजणी रस्त्यापेक्षा निराळी असते. पत्र्याचा डबा संकेत अडवतो, पण उघडी दारे आणि खिडक्या तो आत येऊ देतात. खरी अडचण गर्दीची असते. रस्त्यावर एकेक मोटार एकेक करून सेल बदलते, तर बारा डब्यांच्या गाडीतील सगळे फोन काही सेकंदांत एका सेलच्या हद्दीतून दुसऱ्या सेलच्या हद्दीत जातात. चालू कॉलना हँडओव्हर हवे असते, आणि त्याच जागी ट्रॅकिंग एरियाची, म्हणजे नेटवर्क फोनचा ठावठिकाणा ज्या सेलगटावरून ठेवते त्या गटाची, सीमा असेल तर खिशात गप्प बसलेला प्रत्येक फोनही आपला नवा पत्ता नेटवर्कला कळवू लागतो. संदेशांच्या या लाटेत एखाद्या कॉलची हँडओव्हरची आज्ञा उशिरा पोहोचते, तोवर जुना सेल मागे पडलेला असतो आणि कॉल तुटतो. ऐरोली आणि रबाळे यांच्या दरम्यान सकाळच्या गर्दीच्या गाडीत आमचा लांब कॉल दोनदा तुटला. दुपारच्या रिकाम्या गाडीत त्याच जागी एकदाही तुटला नाही. ट्रॅकिंग एरियाची सीमा रुळांवरून हलवून दोन स्थानकांच्या बाहेर, कमी गर्दीच्या बाजूला न्यावी, एवढी एक ओळ त्या दिवसाच्या अहवालात पुरेशी होती.

बाकीचा दिवस वाया गेला. घणसोलीत इन्व्हर्टरचा फ्यूज उडाला, लॅपटॉप बंद पडला आणि महापे-रबाळे औद्योगिक वसाहतीतील दीड तासाची लॉग फाइल अर्धवट राहिली. नवा फ्यूज मिळेपर्यंत चार वाजले आणि सगळा मार्ग पुन्हा चालवावा लागला.

तिसरा दिवस : पाम बीच, बेलापूर, खारघर

पाम बीच रस्ता मोजणाऱ्याला सोपा वाटतो आणि तेथेच फसवतो. वाशीहून बेलापूरकडे जाताना डाव्या हाताला वस्ती आहे आणि उजव्या हाताला बराच काळ खारफुटी आणि त्यापलीकडे खाडीचे पाणी. पाण्यावर लहरींना अडवायला काहीच नसते. शहरात अंतर दुप्पट झाले की संकेत साधारण १० ते १२ डेसिबलने खाली येतो. मोकळ्या जागेत तो सहाच डेसिबलने घटतो. परिणामी, मुंबईच्या बाजूचा एखादा उंचावरचा सेक्टर, म्हणजे टॉवरवरचा एका दिशेला रोखलेला अँटेना, ज्याने आपल्याच वस्तीपुरते पाहावे अशी अपेक्षा असते, तो खाडी ओलांडून नवी मुंबईत येऊन ठाकतो. या दोषाला आमच्या धंद्यात ओव्हरशूटिंग म्हणतात.

सानपाड्याच्या मोराज चौकाजवळ हे आम्हाला स्पष्ट दिसले. लांब कॉलवरचा फोन एकाएकी अनोळखी सेलला चिकटला, त्या सेलचा आकडा आमच्या शेजाऱ्यांच्या यादीत, म्हणजे कॉल ज्यांच्याकडे सोपवता येतो त्या लगतच्या सेलच्या यादीत, नव्हता, आणि टायमिंग ॲडव्हान्स ८० च्या आसपास दिसू लागला. फोन टॉवरपासून किती दूर आहे हे या आकड्यावरून कळते, कारण दुरून निघालेला संकेत वेळेवर पोहोचावा म्हणून फोनला तो तितका आधी सोडावा लागतो. फोरजीमध्ये त्याची एक पायरी सुमारे ७८ मीटरांची असते. ऐंशी पायऱ्या म्हणजे सव्वासहा किलोमीटर. एवढ्या अंतरावर त्या दिशेला ट्रॉम्बेच्या बाजूची वस्तीच होती. फोन काही सेकंद त्या पाहुण्या सेलवर बोलला आणि मग परत सानपाड्याच्या सेलकडे येण्याचा मार्गच त्याला माहीत नसल्याने कॉल तुटला, कारण पलीकडच्या सेलच्या यादीतही सानपाडा नव्हता.

प्रशिक्षणार्थी मुलीने विचारले, “मॅडम, मग दोघांच्याही यादीत एकमेकांची नावं घालून टाकली तर?”

हा उपाय पहिल्यांदा सगळ्यांना सुचतो आणि रात्रीपुरता तो चालतोही, पण त्यामुळे खाडीपलीकडचा सेल नवी मुंबईच्या ग्राहकांचा कायमचा भार उचलू लागतो आणि त्याच्या हक्काच्या वस्तीला कमी उरते. खरा उपाय टिल्टचा, म्हणजे अँटेना खाली झुकवण्याचा. मी वहीच्या मागच्या पानावर तिला त्रिकोण काढून दिला. ३० मीटर उंचीवरचा अँटेना २ अंश झुकलेला असेल तर त्याच्या झोताचा मध्य सुमारे ८६० मीटरवर जमिनीला टेकतो. तोच ६ अंश झुकवला तर सुमारे २८५ मीटरवर. हल्ली हा झुकाव बऱ्याच ठिकाणी टॉवरवर न चढता, कार्यालयात बसून विजेच्या साहाय्याने बदलता येतो. अर्थात फार झुकवले तर टॉवरच्या पायथ्याशी उजेड आणि दोन गल्ल्यांपलीकडे अंधार अशी अवस्था होते, त्यामुळे एकेक अंश बदलून पुन्हा मोजणे एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो.

बेलापूरला पारसिकच्या टेकडीची सावली अपेक्षेप्रमाणे मिळाली आणि तेथे आम्ही फारसे थांबलो नाही. खारघरला मात्र गोल्फ कोर्सच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, तिसऱ्या फेरीला चार ज्येष्ठ नागरिकांनी मोटार अडवली. छतावरचे अँटेना पाहून त्यांची खात्री झाली होती की, आम्ही नवा टॉवर बसवण्यासाठी जागा पाहत आहोत.

“आमच्या सेक्टरात टॉवर नको,” त्यांच्यातले सर्वांत वडीलधारे काका म्हणाले. “पण एक सांगा ताई, इथे घरात फोन का लागत नाही? पावसाळ्यात तर विचारूच नका.”

एकाच दमात आलेली ही दोन वाक्ये मी आजवर इतक्या वसाहतींत ऐकली आहेत की आता त्यांचा राग येत नाही. त्यांना मी सांगितले की, भारतात टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय आयोगाने सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ९ वॅटऐवजी ०.९ वॅट. शिवाय टॉवर दूर गेला की खिशातल्या फोनला त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःची शक्ती वाढवावी लागते, आणि फोन तर शरीराला टेकलेला असतो. पावसाबद्दलही बोलणे झाले. फोन ज्या लहरींवर चालतो त्यांना पाऊस फारसा अडवत नाही. पण एका टॉवरकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या थाळ्यांसारख्या मायक्रोवेव्ह अँटेनांची वारंवारता बहुधा १० गिगाहर्ट्झच्या वर असते आणि तेथे पावसाचे थेंब संकेत बऱ्यापैकी शोषून घेतात. म्हणून जोराच्या सरीत काड्या दिसत राहतात आणि तरीही काही चालत नाही. काकांनी हे सगळे शांतपणे ऐकले आणि शेवटी टॉवर पलीकडच्या सेक्टरात बसवावा असे सुचवले.

रात्री वाशीच्या मुक्कामी लॉग जोडताना मुलीने विचारले की, आपल्या तीन तुटलेल्या कॉलना एवढे महत्त्व का द्यायचे. ‘ट्राय’च्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्तेच्या नियमांत कॉल तुटण्याची मर्यादा २ टक्के आहे, आणि ट्राय स्वतःही शहराशहरांत स्वतंत्र ड्राइव्ह टेस्ट करवून घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध करते. परंतु टक्केवारीत एक गैरसोय असते. शंभरातले ते दोन कॉल शहरभर विखुरलेले असतील तर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. तेच जर रोज एकाच घरातले असतील तर त्या घरापुरते नेटवर्क बंदच असते, आणि कागदावर कंपनी नियमात बसते.

चौथा दिवस : बाविसावा मजला

चौथ्या दिवशी मोटार घोडबंदर रस्त्यावरील त्या संकुलाच्या वाहनतळात उभी करून आम्ही वॉक टेस्टला, म्हणजे पायी फिरून करायच्या मोजणीला, लागलो. सोसायटीचे सेक्रेटरी बरोबर आले. इमारतीच्या आत जीपीएस नसतो, त्यामुळे मजल्याचा आराखडा पडद्यावर घेऊन, आपण कोठे उभे आहोत ते दर काही पावलांनी बोटाने टिचकी मारून सांगावे लागते. ग्राहकांच्या फोनांनीच आपापली मोजमापे नेटवर्कला कळवावीत अशी सोय थ्रीजीपीपी या मोबाइल मानके ठरवणाऱ्या संघटनेच्या दहाव्या आवृत्तीपासून मानकात आलेली आहे आणि तिचे नावच ड्राइव्ह टेस्ट कमी करणे असे आहे. आमचे पोट त्या नावाने अजून घाबरलेले नाही, कारण फोन कितव्या मजल्यावर आहे हे त्या नोंदींतून भरवशाने कळत नाही, आणि अशा इमारतीत सारा प्रश्न मजल्याचाच असतो.

तळमजल्यावर सिनर १७ होता. आठव्या मजल्यावर ११. पंधराव्यावर तो ५ वर आला, आणि या सगळ्या प्रवासात आरएसआरपी जवळपास जागचा हललाही नाही. बाविसाव्या मजल्यावर एका आजींच्या घरी आम्ही गेलो. पहिली तक्रार त्यांच्या मुलाने केलेली होती. गॅलरीतून येऊरपासून खाडीपर्यंतचा सगळा पट्टा दिसत होता, आणि हेच दुखण्याचे मूळ होते. स्कॅनरने तेथे नऊ सेल नोंदवले. सगळे एकमेकांपासून पाच-सहा डेसिबलच्या आत. आरएसआरपी उणे ७२ आणि सिनर उणे २. परिसरातील अँटेना साधारण ३० मीटर उंचीवर आणि खाली झुकलेले. बाविसावा मजला त्यांच्या दुपटीहून उंच. त्यामुळे कोणाचाच मुख्य झोत येथे येत नव्हता, पण नऊ जणांची वरच्या बाजूला सांडणारी गळती मात्र बिनअडथळा येत होती. फोन कोणाला धरावे हे न कळून एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत होता. शिवाय फोरजीच्या सेलना दिलेल्या ५०४ ओळख-क्रमांकांना तीनने भागले तर बाकी तीनच प्रकारची उरते आणि सारखी बाकी उरणाऱ्या दोन सेलचे संदर्भ संकेत एकमेकांवर आदळतात. नऊ सेल एका गॅलरीत जमले म्हणजे हे टाळणे अशक्यच होते.

अहवालात काय लिहायचे ते तेथेच ठरले. दूरचे दोन सेक्टर आणखी झुकवावेत, आणि वरच्या मजल्यांसाठी समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, वर पाहणारा एक वेगळा लहान अँटेना लावून त्यालाच तेथे वरचढ करावे. इमारतीच्या आत वेगळी यंत्रणा बसवली तर अधिक चांगले, पण तिला समितीची मंजुरी लागेल, असे मी सेक्रेटरींना म्हटले, आणि त्यांनी सर्वसाधारण सभेचा विषय काढून एक मोठा सुस्कारा सोडला.

चहा झाल्यावर आजी म्हणाल्या, “तुमचं यंत्र गॅलरीतच का लावताय गं? सगळे मला सांगतात, मोकळ्यावर जाऊन बोल. मी उलट आत येते. इथे बघ.” त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात, फ्रिज आणि लिफ्टच्या बाजूची भिंत यांच्यामधल्या बोळात नेले. तेथे एक स्टूल ठेवलेले होते, आणि स्टुलावर उशी.

मुलीने फोन तेथे धरला. आरएसआरपी उणे ९६, म्हणजे गॅलरीच्या मानाने अडीचशेपट कमी शक्ती. फोनवर दोनच काड्या. सिनर १४. लिफ्टच्या काँक्रीटच्या भिंतीने आणि फ्रिजच्या पत्र्याने आठ सेल अडवले होते आणि एकच, समोरच्या खिडकीतून येणारा, शिल्लक ठेवला होता. दादांना नंतर हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की, आजींनी बँडवाल्यांना दाराबाहेर काढले.

मी आजींना विनंती केली की, नोंदीसाठी त्यांनी याच जागेवरून एखादा कॉल लावावा. त्यांनी रत्नागिरीच्या बहिणीला फोन लावला. लॉग सुरू होता, पाच मिनिटे झाली, दहा झाली, सिनर एकदाही १२ च्या खाली आला नाही. मुलीने खुणेने विचारले की बंद करू का, आणि मी नको म्हटले. बाविसाव्या मिनिटाला, चार दिवसांत आमच्याकडे नोंदला गेलेला सर्वांत लांब, न तुटलेला कॉल अजून चालूच होता, आणि आजी बहिणीला आमसुले किती पाठवायची ते दुसऱ्यांदा सांगत होत्या.